मरीन ड्राइव्हवर जिओकॅशिंग करायचंय, अमळनेरहून येतोय

बोरीकाठ (अमळनेर):

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला भूगोल शिकवते. नाताळच्या सुट्टीत मुलगी आणि भाचा या दोघांना घेऊन मुंबईला दादाकडे चाललेय, गिरगावात. मुलगी आठवीत, भाचा सहावीत. मोबाइल हातात आला की दोघांचेही पाय बसतात, म्हणून मोबाइलवरचाच पण चालायला लावणारा खेळ मी शोधला: जिओकॅशिंग.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. बाकीच्यांनी जीपीएसच्या आधाराने ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होती तिथेच परत ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थाने पहिली बादली लपवली आणि खेळ सुरू झाला. मुलांना हा इतिहास सांगितला तर भाचा म्हणाला, "मग आधी सगळे चुकीच्या घरी जायचे का?" (सहावीतल्या मुलांना उत्तर देणं आठवीपेक्षा अवघड असतं.)

शाळेच्या मैदानावर आम्ही तालीम करून पाहिली. कडुलिंबाच्या बुंध्याशी पोळ्यांचा डबा ठेवला. मजा आली. आता मुलांना खरी डबी हवी आहे. मरीन ड्राइव्ह दादाच्या घरापासून चालत जाण्याजोगा, रस्ता सरळ, एका बाजूला समुद्र, त्यामुळे पोरं नजरेत राहतील.

पण फोटोत मला नुसता कठडा, पदपथ आणि पलीकडे ते सिमेंटचे चार पायांचे ठोकळे दिसतात. डबी लपवणार कुठे? ठोकळ्यांवर मुलांना उतरू द्यायचं नाही हे माझं पक्कं आहे. पोलीस हटकतात का? आणि आपणच अमळनेरहून एक डबी नेऊन तिथे लपवली तर? भाच्याने तिच्यात ठेवायला केळीचे वेफर्स आत्ताच बाजूला काढून ठेवलेत.

चोपडेकर_चर्चगेट:

ताई, मी चोपड्याचा, नोकरी चर्चगेटला. संध्याकाळची लोकलची गर्दी जरा ओसरेपर्यंत मरीन ड्राइव्हवर चालत बसायची जुनी सवय आहे, आणि हा खेळही बरीच वर्षं खेळतोय.

आधी वेफर्स. डबीत खायचं काही ठेवायचं नाही, हा खेळाचा नियमच आहे. तुमच्या आधी उंदीर शोधतील. वेफर्स कठड्यावर बसून खा, कावळ्यांकडे लक्ष ठेवा.

दुसरं, डबी इथे आणून लपवू नका. जो लपवतो त्याने ती सांभाळायची असते. कागद भिजला, झाकण गेलं, कुणी उचलून नेली, तर जाऊन बघता आलं पाहिजे. अमळनेरहून तुम्ही कशा येणार? सुट्टीला गेलं आणि डबी टाकून आलं, असं चालत नाही. नवी डबी ॲपवर दिसण्याआधी एक स्वयंसेवक तपासतो आणि तो नेमकं हेच विचारतो.

पण त्याहून मोठं कारण जागेचं आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाला ट्रायडंट-ओबेरॉय, चौपाटीच्या टोकाला कसाब जिथे पकडला गेला ती जागा. २००८ चा नोव्हेंबर ज्याने या शहरात काढला, त्याला कठड्याखाली हात घालून काहीतरी चाचपणारा माणूस बघवत नाही. स्टेशनवर दिवसभर "बेवारस वस्तूला हात लावू नका" ऐकणारे लोक आहेत हे. टेप गुंडाळलेली डबी कुणी पाहिली तर शंभर नंबरला फोन जाईल, आणि तो करणारा माणूस बरोबरच असेल. म्हणून माझं मत सरळ आहे: ज्या जागेला पहारा लागतो तिथे डबी लपवायची नाही. ॲपवर कुणाची दिसली, तर तिच्या शेवटच्या नोंदी वाचा. बऱ्याच काळात कुणाला सापडलेली नसेल तर नाद सोडा. सापडण्यासारखी असेल तरी शोधताना पोरांना पुढे आणि स्वतःला मागे ठेवा. मुलं शोधतायत म्हटल्यावर लोक हसतात. मोठा माणूस शोधतोय म्हटल्यावर थांबून बघतात. पोलिसाने विचारलं तर ॲप उघडून दाखवायचं, घाबरायचं काही नाही.

आणि निसर्गही डबीच्या बाजूचा नाही. लोखंडी कठडा असता तर चुंबकाची बोटभर डबी चिकटवता आली असती, इथे सगळं सिमेंट. खारं वारं बिजागरी, खिळे, स्प्रिंग सगळं खातं. पावसाळ्यात मोठ्या भरतीला लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते. ठोकळे तर बाजारात ओतलेल्या शिंगाड्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात. मध्ये पाय गेला तर काढायला अग्निशमन दल लागतं, आणि फटींत उंदीर. तुमचा निर्णय बरोबर आहे.

मग करायचं काय? या खेळात डबी नसलेलेही प्रकार आहेत. ठरलेल्या जागी जायचं, तिथे उभं राहिल्याशिवाय मिळणार नाही असं उत्तर शोधायचं, ते पाठवायचं. मरीन ड्राइव्ह त्यासाठीच बांधल्यासारखा आहे. ॲपवर असं काही चालू असेल तर उत्तमच. नसेल तर घरची शोधयात्रा करा. मी माझ्या पुतण्यांसाठी केलेली देतो.

सुरुवात गिरगाव चौपाटीपासून, तुमच्या पायाखालीच. लोकमान्यांचा पुतळा. त्यांचे अंत्यसंस्कार १९२० मध्ये इथे वाळूवर झाले. पुतळ्याखालचं वाचायला लावा. तिथून जवळच सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचं स्मारक. हा थांबा उरकू नका, पोरांना पूर्ण गोष्ट सांगा. हातात काठी असलेल्या माणसाने बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून एक अतिरेकी जिवंत सापडला.

मग कठड्याच्या या टोकाकडे "केनेडी सी फेस" असं कोरलेली जुनी शिळा शोधायची. साल १९१५. ही माझी सगळ्यात आवडती, कारण रोज हजारो लोक तिच्यासमोरून जातात आणि पाठ टेकवून सेल्फी काढतात. मरीन ड्राइव्हचं काम त्या साली सुरू झालं, तेव्हाचं हे नाव. कागदोपत्री आता नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. पोरांना फक्त एवढंच सांगा: "या रस्त्याचं तिसरं नाव दगडावर शोधा." जागा सांगू नका.

पुढे जिमखान्यांची रांग. पारशी, इस्लाम, हिंदू. इथे कोडं असं: कुठल्या जिमखान्याच्या फाटकावर कुठलं साल लिहिलंय? कुणी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

मग इमारती. यात वेळ घालवा. १९३० आणि ४० च्या दशकांत भराव टाकलेल्या जमिनीवर या उभ्या राहिल्या. गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे पातळ छज्जे, आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येकीचं नाव वेगळ्या वळणाच्या अक्षरात. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात ही रांग आहे. वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावर "सूना महाल" दिसेल, १९३७ चा, वर छोटा मनोरा. वास्तुरचना गजानन बाबूराव म्हात्रे यांची. आर्ट डेको म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब येतो, म्हणून हे नाव मी मुद्दाम सांगतो. पोरांना कागद द्या आणि तीन इमारतींची नावं ज्या वळणात लिहिलीत त्याच वळणात उतरवायला सांगा. फोटो काढायचा नाही, हाताने काढायचं. माझा मोठा पुतण्या इथे इतका रमला की त्याला ओढून न्यावं लागलं.

शेवट नरिमन पॉइंट. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी बॅकबेच्या, म्हणजे समोरच्या या उपसागराच्या, भरावातला घोटाळा उघडा पाडला होता, त्यांच्यावर खटलाही झाला. त्या भरावाच्याच टोकाला त्यांचं नाव आहे. भूगोलाच्या शिक्षिकेला यापेक्षा चांगला तास कुठे मिळणार.

सगळं मिळून साडेतीन किलोमीटरच्या आसपास. दुपारी चारला निघा, दिवे लागेपर्यंत पोचाल.

पांझराकाका (धुळे):

ताई, एक विचारतो, राग मानू नका. एवढा रेल्वेचा खर्च करून समुद्रावर जायचं, डबी शोधायची, नाव लिहायचं आणि ती तठेच ठेवी देवानी? सापडलेलं परत ठेवायचा खेळ मी पहिल्यांदा ऐकला. लळिंगना किल्ला काय वाईट शे? मुंबई-आग्रा रस्त्याला लागून आहे, वर चढलं की वारा फुकट. आमच्या वेळी पोरं आट्यापाट्या खेळायची, कुणाला उपग्रह लागत नव्हता.

बाकी चोपडेकर, तुमची ओंबळेंची ओळ वाचून बरं वाटलं. ते आधी दाखवा.

बोरीकाठ (अमळनेर):

काका, राग कसला. लळिंग घेऊच, पण समुद्र माझ्या भाच्याने अजून पाहिलेला नाही. बोरीला पूर आला की तो म्हणतो, "समुद्र एवढाच असेल ना?"

चोपडेकर, किती लिहिलंत हो! शिळेचं कोडं जसंच्या तसं उचलते. वेफर्सचा निर्णय भाच्याला कळवला, तो डबीपेक्षा वेफर्सच्या बाजूने निघाला. आता एक तांत्रिक शंका. शाळेच्या मैदानावर फोनचा बाण कडुलिंबाभोवती फिरतच राहिला, डब्यापासून आठ-दहा पावलं इकडेतिकडे दाखवत होता. मुंबईच्या उंच इमारतींत तर आणखी घोळ होईल ना? आणि भरती-ओहोटी आधी कशी बघायची?

मोजणीवाला_जळगाव:

मॅडम, मी जमीन मोजणीत आहे. आमची मशिनं बेस (एका जागी ठेवलेलं) आणि रोव्हर (हातात फिरवायचं) अशी जोडीने चालतात आणि सेंटिमीटरपर्यंत जातात, तरी बांधावरची भांडणं मिटत नाहीत. फोनकडून तुम्ही काय अपेक्षा करता? मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाच मीटरच्या आसपास बरोबर असतो. झाडाखाली त्याहून वाईट. तुमचा कडुलिंब दाट असेल.

मरीन ड्राइव्हला मात्र तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. घोळ इमारती दोन्ही बाजूंना असल्या की होतो. उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून फोनकडे येतो, वाट लांब पडते आणि जागा सरकते. फोर्टच्या गल्ल्यांत तसं होईल. मरीन ड्राइव्हला पश्चिमेचं अख्खं आभाळ उघडं, आणि त्या जुन्या इमारती पाच-सहा मजल्यांच्या, त्याही रस्त्यापलीकडे. कठड्याकडून चाला, इमारतींकडून नको. नरिमन पॉइंटला टॉवर सुरू झाले की बाण जरा नाचेल. तेव्हा चालत राहू नका, एका जागी मिनिटभर उभ्या राहा आणि आकडे स्थिरावू द्या. बाणाच्या मागे फिरणारा माणूस गोल गोल फिरतो.

आता खरी गोम. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात. गुगलचा नकाशा दशांश अंश देतो. मरीन ड्राइव्हचा एक बिंदू घ्या: १८.९४३२ उत्तर, ७२.८२३२ पूर्व. दशांशापुढचं ६० ने गुणा, म्हणजे १८ अंश ५६.५९२ मिनिटं, ७२ अंश ४९.३९२ मिनिटं. हे न करता कुणी १८.५६५९२ आणि ७२.४९३९२ असं टाकलं, तर फोन तुम्हाला अलिबागच्या पश्चिमेला भर समुद्रात नेऊन सोडेल. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, त्यामुळे तिसऱ्या आकड्यावरून भांडू नका, फोनला तेवढं कळतच नाही.

वर्गासाठी एक उदाहरण फुकट देतो. अमळनेर साधारण २१.०४ उत्तर, ७५.०६ पूर्व. मरीन ड्राइव्हपासून उत्तरेला २.१ अंश, पूर्वेला सव्वादोन अंश. अक्षांशाचा अंश १११ किलोमीटरचा, रेखांशाचा आपल्या भागात १०४-१०५ चा. दोन्ही बाजू २३३-२३४ किलोमीटरच्या येतात. म्हणजे अमळनेर मरीन ड्राइव्हच्या जवळजवळ बरोब्बर ईशान्येला, सरळ रेषेत ३३० किलोमीटर. पायथागोरस लावून पोरांकडून काढून घ्या, मग मुंबईत होकायंत्र उघडून त्यांना घराकडे तोंड करून उभं करा.

गार्मिनचं साधं जीपीएस कुणी दिलं तर चालेल, पण उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र कुणी उसनं देऊ केलं तर घेऊ नका. आपल्याकडे ते परवान्याशिवाय वापरता येत नाही.

चोपडेकर_चर्चगेट:

मोजणीवाले भाऊ, कठड्याकडून चालायचं हे मी नुसत्या सवयीने करत होतो, कारण आज कळलं.

ताई, भरतीचं वेळापत्रक नेटवर रोजचं मिळतं. पण कोकणातली माणसं तोंडी हिशेब करतात तो तुमच्या वर्गात चालेल: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. ढोबळच हं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भाच्याला समुद्र पहिल्यांदा दाखवताय तर अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा दिवस गाठा आणि भरती आणि ओहोटी दोन्ही दाखवा. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं. दुपारी ठोकळे बुडालेले आणि संध्याकाळी उघडे पाहिले की बोरीचा प्रश्न आपोआप निघेल.

आणि पांझराकाकांचं म्हणणं मला अर्धं पटलंय. डबी लपवायचीच असेल तर ती आपल्याकडे लपवा, जिथे तुम्ही महिन्याला जाऊन बघू शकता. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर लागतं, आपल्याकडे जागेची काय कमी! शाळेत मात्र नको. अनोळखी माणसं शाळेच्या भिंतीशी घुटमळायला लागली तर पालक तुम्हाला धरतील. पुरायची नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, आणि जागा ज्याची त्याची परवानगी घ्यायची. पारदर्शक डबी घ्या, बाहेरून मराठीत लिहा की हा खेळ आहे.

मला सुचतं ते निमजवळचं कपिलेश्वर. तापी आणि पांझरेचा संगम, म्हणजे तुमच्या तालुक्याचं आणि काकांच्या नदीचंही काम झालं. मुंबईला समुद्र आहे तर आपल्याला घाट आहेत, आणि घाटावर बसायला कुणी हटकत नाही. मंदिराच्या पायऱ्यांवर डबी नको. आधीचे टप्पे मंदिराजवळ ठेवा, नुसते वाचायचे आणि मोजायचे: पायऱ्या, खांब, कोरलेली अक्षरं. त्या आकड्यांतून शेवटच्या डबीचे अक्षांश-रेखांश निघतील. डबी लांब, गावाच्या माणसांना विचारून ठेवलेल्या जागी.

डबी नसलेला भूशास्त्राचा प्रकारही आहे, अर्थकॅश म्हणतात. त्यात जागेने काहीतरी शिकवलं पाहिजे अशी अट असते. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून भिंतीसारख्या सरळ टेकड्या जातात ना, त्या लाव्हा भेगांत थिजून झालेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात, आणि आपल्याकडे त्यांचा मोठा समूह आहे. लहानपणी मला वाटायचं कुठल्या तरी राजाने तट बांधून अर्धवट सोडले. अशी एखादी टेकडी घ्या आणि पोरांना विचारा: आजूबाजूची जमीन झिजली, ही का उरली? चाळीसगावकडचं पाटणही आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख तिथला. पण ते अभयारण्य आणि संरक्षित स्मारक, दोन्ही आहे. तिथे डबीचा विचारही नको, नुसतं बघायला जा.

बोरीकाठ (अमळनेर):

कपिलेश्वर! माझ्या माहेरची माणसं तिथे यात्रेला जायची, आणि मला हे सुचलं नाही. मुंबईहून आल्यावर जानेवारीत जाते. आधी ग्रामपंचायतीत आणि मंदिराच्या लोकांना विचारते. काका, तुम्ही येता का? पांझरेच्या बाजूचे टप्पे तुम्ही मांडा, तुम्हाला तो काठ पाठ असेल.

पांझराकाका (धुळे):

येतो की. पण डबी ठेवण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तापीला मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं. ते बोट दाखवतील तिथून दोन पुरुष वर ठेवा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच तुमची डबी सुरतेला जाई. आणि शेवभाजी मी आणतो, ती डबीत ठेवायची नाही एवढं मला समजलं.